राइनाने धरून ठेवलेलं झाकण

“मागं सरा! कुणी हात लावू नका! मेलेलं माणूस आणि तापलेली कढई, दोघांना उगाच ढकलायचं नसतं!”

शिसेवाली स्तोयना ओरडली तशी स्पासच्या स्वयंपाकघरात दाटलेली माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत दारापर्यंत मागे हटली. दाराबाहेर जिना भरलेला. ज्यांना काहीच दिसत नव्हतं, तेच सगळ्यांत जास्त सांगत होते.

“उघडलं का?”

“अजून नाही. आतून कुणीतरी धरलंय म्हणतात.”

“कुणी?”

“कुणी म्हणजे? राइनानं!”

राइना म्हणजे स्पासची बायको. ती पाच डिसेंबरला गेली, त्याला आज पंचवीस दिवस झाले होते. जिच्यावर तिने आजारपणाचं शेवटचं वर्ष काढलं ती खाट अजून स्वयंपाकघरातच होती, आणि खाटेला लागून, खिडकीखाली, वरून झाकण उघडणारं अरुंद वॉशिंग मशीन उभं होतं. गेले दोन दिवस ते धूतही नव्हतं आणि उघडतही नव्हतं. दिवा लागलेला, पोटात पाणी, आणि झाकण असं घट्ट की बसड्रायव्हर पेन्चोने दोन्ही हातांनी हिसडा दिला तर अख्खं मशीन जमिनीवरून वर आलं, पण झाकण हललं नाही. बटण बंद करून ओढलं, चालू करून ओढलं, शिव्या देऊन ओढलं. काही उपयोग नाही.

त्यात हे मळके दिवस. नाताळपासून सहा जानेवारीपर्यंत, म्हणजे पाद्री डॅन्यूबच्या पाण्यात क्रूस फेकतो तोवर, बल्गेरियातल्या या लोम गावात कपडे धुवायचे नसतात. घरोघरी मशीनं आल्यापासून हा नियम कुणी पाळत नाही. पण शेजारच्याने मोडला की सगळ्यांना आठवतो. शिवाय मेलेल्याचे कपडे चाळीस दिवस पाण्यात घालायचे नाहीत, हा दुसरा नियम. एका धुण्यात दोन्ही मोडले होते.

स्तोयनाने हुकूम सोडला, “आधी भिंतीतली वीज काढा. वीज आत्म्याला चावते. अंगावर विजेची तार असताना कुणी दार उघडेल का?”

“खरंय बाई,” गिन्का म्हणाली. गिन्का समोरच्या घरातली. अख्ख्या जिन्याचा कारभार तिच्याकडे; कुणाकडे कोण आलं, कुणाचा पाय कुठे घसरला, सगळी नोंद तिच्या डोक्यात. तिनेच वाकून प्लग उपसला आणि तिनेच पाण्याचा वाडगा झाकणाच्या वर धरला. स्तोयनाने गॅसवर पळीत वितळवलेलं शिसं त्या पाण्यात ओतलं; बाधा उतरवायची तिची हीच रीत. चर्रर्र!

“शिसं जड, दुःख जड, शिसं बुडालं, दुःख उडालं. राइना गं राइना, सोड गं झाकण, तुझं तुला, आमचं आम्हाला...”

एकदा म्हणून झालं. दोनदा झालं. स्तोयनाचा डावा तळवा झाकणावर आणि डोळे मिटलेले. पाचव्यांदा म्हणताना पेन्चोने हळूच विचारलं, “माई, किती वेळा म्हणायचं असतं?”

“जेवढं पाप तेवढं!” तिने डोळे न उघडता ठणकावलं.

आठव्या खेपेला झाकणाच्या आतून आवाज आला. खट्!

एक म्हातारी मटकन खाली बसली. सगळ्यांनी छातीवर क्रूस केला. स्तोयनाने एका बोटाने झाकण वर केलं, आतल्या पिंपाचं दार उघडलं आणि पाण्यातून निळ्या फुलांचा झोपायचा झगा बाहेर काढला.

“राइनावहिनीचा!” गिन्का किंचाळली.

खाटेच्या कडेवर बसलेल्या एका माणसाने क्रूस केला नाही. तो स्पास. त्या खट्-शी त्याची चौतीस वर्षांची ओळख होती. गावातल्या दुरुस्तीच्या कारखान्यात त्याने तेवढी वर्षं धुण्याची मशीनं उघडली आणि मिटली होती. तो आवाज झोपेतही ओळखला असता. आणि तरी त्याचे डोळे भरून आले, आणि तोंड मिटलेलंच राहिलं.

“यंत्र तुझ्या घरात, यंत्रातलं तुला कळतं, आणि तू काहीच कसं केलं नाहीस रे स्पासदादा?” आदल्या दिवशी गिन्काने विचारलं होतं.

“हे यंत्राचं नाही वाटत,” तो म्हणाला होता. हे त्याचं दुसरं खोटं.

पहिलं त्याहून लहान होतं आणि त्याहून वाईट. गिन्का पाव द्यायला आली तेव्हा मशीनवरचा राइनाचा फोटो खिडकीत सरकलेला आणि मशीनचा दिवा लागलेला तिने पाहिला. “मळक्या दिवसांत धुणं? चाळिसावा व्हायच्या आत? कुणी लावलं हे?”

“मला माहीत नाही,” स्पास म्हणाला.

त्यानेच लावलं होतं. गादीखाली त्याला तो झगा सापडला होता. शेवटच्या रात्री राइनाला आवरलं नव्हतं, आणि गडबडीत कुणीतरी तो तसाच खाली सारला होता. त्याला वास येत होता. आपल्या बायकोचा असा वास कुणाच्या नाकात जाऊ नये म्हणून त्याने फोटो बाजूला ठेवला, झगा आत टाकला आणि बटण दाबलं. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण गिन्काच्या भुवया वर गेल्या आणि सत्तरीच्या माणसाची जीभ शाळकरी पोरासारखी पलटली.

आणि प्लग? प्लग काढून दोन मिनिटं थांबलं की झाकण उघडतं, हे त्याला माहीत होतं. दोन दिवस तो त्या मशीनसमोर बसून होता. पण उघडलं असतं तर आत नुसता एक ओला झगा निघाला असता. बंद होतं तोवर आत कुणीतरी होतं.

त्याच्यापुरतं हे इथेच संपलं असतं तर ही गोष्ट सांगायची गरज नव्हती. माणूस एकटा बसून स्वतःला फसवतो, तोवर त्यात कुणाचं दार बंद होत नाही.

स्तोयनाने फर्मान काढलं होतं: धुणं अर्धवट तर आत्मा अर्धवट. चाळिसाव्यापर्यंत थांबू नका, क्रूस पाण्यात पडला की झगा पुन्हा धुवा. म्हणून सात जानेवारीला गिन्काने सगळ्यांच्या साक्षीने बटण दाबलं. मशीनने पाणी घेतलं, दोनदा कण्हलं आणि गप्प झालं. झाकण पुन्हा घट्ट.

पुन्हा स्तोयना. पुन्हा वीज काढा, मागं सरा, चर्रर्र आणि खट्. पण या खेपेला तिने वाडग्यातलं गोठलेलं शिसं उचलून उजेडात धरलं.

“बघा! हात आहे हात! वळलेला, परका हात!”

“मला तर बटाटा दिसतो,” पेन्चो म्हणाला.

“तुझ्या डोक्यात बटाटा आहे म्हणून!” स्तोयना फिरली. “या घराची किल्ली कुणाकडे आहे? तिला शेवटची अंघोळ कुणी घातली? ज्या हातानं तिला धुतलं त्याच हातानं तिची वाट धुऊन टाकली. तो हात ज्या घरात जाईल तिथं आणखी एक खाट रिकामी होईल!”

नाव घेण्याची गरजच पडली नाही. जिन्यावरची सगळी डोकी सेव्दाकडे वळली.

सेव्दा, गाव ज्यांना परकं मानतं त्या नदीकाठच्या वस्तीतली, चाळिशीची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. दोन वर्षं तिने राइनाला उचललं, धुतलं, भरवलं. याच जिन्यावर आणखी दोन घरी ती म्हाताऱ्यांची सेवा करायची, आणि गिन्काच्या अंथरुणावरच्या आईचं सगळं तिच्याच हाती होतं. तिचं घर चालायचं ते या एका जिन्यावर.

“मी मशीनला हातही लावला नाही,” सेव्दा म्हणाली. “फोटो होता त्याच्यावर. मी कशाला लावेन?”

“मग काय भुतानं लावलं?” गिन्का म्हणाली. “त्या वस्तीतल्यांना मळके दिवस काय आणि उजळे काय! किल्ली दे इकडे. माझ्या आईकडे उद्यापासून यायचं नाही.”

सेव्दाने स्पासकडे पाहिलं. स्पासने आपल्या चपलांकडे पाहिलं.

संध्याकाळ व्हायच्या आत बाकीच्या दोन घरांनीही किल्ल्या परत घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली. आत नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली.

“काका, मला काम परत मिळवून द्या असं म्हणत नाही. तुम्ही एवढंच सांगा त्यांना, की धुणं मी लावलं नव्हतं. तुमचं ऐकतील.”

“बघू,” स्पास म्हणाला.

“बघू म्हणजे?”

“बघू गं. लोक तापलेत. जरा निवू देत.”

तिने मान हलवली आणि पायऱ्या उतरून गेली. ‘जरा निवू देत’ हे शब्द आपण आयुष्यभर मशीनबद्दल वापरत आलो आणि आज माणसाला टोलवायला वापरले, हे तिचा पायरव विरल्यावर स्पासच्या ध्यानात आलं.

पुढचे चार दिवस समोरच्या घरातून गिन्काच्या आईच्या हाका ऐकू येत होत्या. म्हातारीला बोलता नीट येत नव्हतं, पण एक शब्द ती स्पष्ट उच्चारायची. “सेव्दा! सेव्दा!” गिन्का दिवसभर टपालखात्यात कामाला. म्हातारी दुपारपर्यंत ओल्यात पडून. तिच्या खोलीतला वास आता जिन्यावर येऊ लागला होता. जो वास लपवण्यासाठी स्पास खोटं बोलला, तोच वास.

बारा तारखेला सकाळी त्याने हत्यारांच्या पेटीतून पेचकस काढला. प्लग काढला, पुढचा पत्रा उतरवला आणि झाकणाच्या कुलपाची पेटी हातात घेतली. मुठीएवढी वस्तू. आयुष्यात हजारो बदलली असतील. खिडकीच्या उजेडात धरली आणि तो तसाच खाटेवर बसला.

ज्या भोकातून झाकणाचा आकडा आत उतरतो, ते भोक पिवळ्या चिकट थराने माखलं होतं. साखर. त्यात मेणबत्तीचं मेण, त्यात अक्रोडाचा भुगा, आणि झाकण अडकवणाऱ्या खिळीच्या वाटेत आडवा पडलेला, फुगून पुन्हा वाळलेला गव्हाचा एक दाणा.

नवव्या दिवशी मृताच्या नावाने गहू शिजवतात. साखर, अक्रोड घालून ताटात रचतात, वर मेणबत्ती खोचतात. ते ताट स्पासने स्वतःच्या हाताने राइनाच्या फोटोसमोर, याच झाकणावर ठेवलं होतं. मेणबत्ती जळून गव्हात विझेपर्यंत ठेवलं होतं. आणि चौतीस वर्षं तो गिऱ्हाइकांना काय सांगत आला होता? “बाई, हे यंत्र आहे, फळी नाही. झाकणावर काही ठेवू नका, सांडलं की कुलूप जाईल.” किती बायकांना त्याने या वाक्याने हिणवलं होतं!

राइना नव्हतीच तिथे. होता तो त्याच्याच ताटातला दाणा.

त्याने दाणा काढला नाही. कुलूप होतं तसं परत बसवलं.

तेरा जानेवारीला चाळिसावा होता. गिन्काने शेवटची सोडवणूक म्हणून स्तोयनाला बोलावलंच होतं. जेवण होतं, रकियाचे, म्हणजे फळांच्या दारूचे, छोटे पेले होते. पिण्याआधी प्रत्येकाने मृतासाठी जमिनीवर थेंब सांडला. सेव्दा जिन्यावर उभी होती. चाळिसाव्याला यायला बोलावणं लागत नाही, पण आत कुणी या म्हणालं नाही.

स्तोयना पळी गॅसवर ठेवायला निघाली तेव्हा स्पास उठला.

“शिसं ठेव बाजूला. आज मंत्र मी म्हणतो.”

“चेष्टा करू नकोस रे, चाळिसावा आहे!” गिन्का म्हणाली.

स्पासने निळा झगा मशीनमध्ये घातला आणि बटण दाबलं. पाणी आलं, मशीन दोनदा कण्हलं, थांबलं. “पेन्चो, ओढ.” पेन्चोने ओढलं. घट्ट. जिन्यावर कुजबूज सुरू झाली. स्पासने वाकून प्लग उपसला. “आता मागं सरा. मेलेल्यासाठी नाही. तुम्ही ओढत राहिलात तर आकडा खिळीवर ताणून बसतो आणि खिळी सुटत नाही, म्हणून.”

मग तो झाकणाकडे बघून म्हणाला, “राइनाचं घेवड्याचं सूप. घेवडा आदल्या दिवशी भिजत घालायचा. पहिलं पाणी फेकून द्यायचं. कांदा, गाजर, एक सुकी लाल मिरची अख्खी...”

“हा काय मंत्र झाला?” स्तोयना म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता.

“...मंद आचेवर ठेवायचं. घाई केली की साल फुटते. टोमॅटो लवकर घालायचा नाही, घेवडा शिजत नाही. मी दर वेळी लवकर घालायचो आणि ती दर वेळी ओरडायची...” सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. तीन मिनिटं झाली. चार झाली. “...पुदिना अगदी शेवटी. मीठ त्याच्याही नंतर.”

खट्!

कुणीही क्रूस केला नाही.

“देवानं उघडलं का? राइनानं उघडलं? की घेवड्यानं?” स्पासने झाकण उघडून आडवं टाकलं. “कुलपात दोन धातूंची पट्टी असते. वीज असली की तापून वाकते आणि खिळी आत सारते, फिरत्या पिंपात कुणाचा हात जाऊ नये म्हणून. वीज काढली की निवते, सरळ होते, खिळी बाहेर येते. एवढंच. दोन मिनिटांचं काम. इथं चार लागली, कारण भोकात साखर आहे आणि साखरेत हा दाणा.” त्याने पेचकसाच्या टोकाने दाणा उकरून तळहातावर घेतला. “खिळी अर्धीच आत जायची. झाकण अडकायचं, पण यंत्राला वाटायचं उघडंच आहे. म्हणून धूत नव्हतं आणि उघडतही नव्हतं. हे ताट इथं मी ठेवलं होतं. मी.”

मग तो स्तोयनाकडे वळला. “गिरणीच्या वसतिगृहाच्या धुलाईखान्यात तू वीस वर्षं होतीस. तिथली मशीनं दुरुस्त करायला मीच यायचो. ‘ओढू नकोस बाई, प्लग काढ, हात झाकणावर ठेव, आत सुटलेलं तळव्याला कळतं,’ हे तुला कुणी शिकवलं?”

स्तोयनाने पळी पिशवीत टाकली. ती घाबरट नव्हती. “तू शिकवलंस,” ती म्हणाली. “म्हणून विचारते स्पास, पहिल्या दिवशी तू याच खाटेवर बसला होतास. मी दोन पैशांची ठक, चल मान्य. तू का गप्प बसलास?”

हा प्रश्न चुकवायला जागा नव्हती, आणि त्याने चुकवला नाही.

“मला वाटलं, असेल ती. मला ते खोटं हवं होतं.” तो दाराकडे वळला, जिन्याकडे. “आणि धुणं मी लावलं होतं. सेव्दानं नाही. झग्याला वास येत होता, मला लाज वाटली, मी खोटं बोललो. तिच्या तीन किल्ल्या गेल्या तेव्हाही मला माहीत होतं. काल माहीत होतं, परवा माहीत होतं.”

समोरच्या घरातून म्हातारीची हाक आली, “सेव्दा!” गिन्का लाल झाली. तिने एप्रनच्या खिशातून किल्ली काढली, ती या हातातून त्या हातात केली आणि पुढे धरली.

“उद्यापासून येशील का गं आईकडे? मी... तुला दिसतंच आहे.”

सेव्दाने किल्लीला हात लावला नाही.

“बघू,” ती म्हणाली. मग स्पासला म्हणाली, “काका, कुलूप कसं उघडतं ते या सगळ्यांना माहीत नव्हतं. त्यांचं मी समजू शकते. तुम्हाला दोन्ही माहीत होतं. कुलूपही आणि मीही.”

ती गिन्काच्या घरात गेली, किल्ली न घेता. दार उघडंच होतं. तिने आतून म्हातारीला हाक दिली, नळ सोडला, आणि जिन्यावरच्या सगळ्यांना पाण्याचा आवाज ऐकू आला.

स्पासने कुलूप धुतलं, मशीन चालवलं, झगा बाल्कनीत वाळत घातला. तासाभरात तो थंडीने ताठ झाला. दोन्ही बाह्या पसरून उभा होता, आणि रस्त्यावरून कुणालाही वाटलं असतं की तिथे कुणीतरी आहे. कुणी नव्हतं. तो झगा होता.

तुमच्या घरातही काहीतरी अडेल. झाकण अडेल, दुखणं अडेल, नशीब अडल्यासारखं वाटेल. तेव्हा मळाचा, साखरेचा, दाण्याचा शोध घ्या; माणसाचा घेऊ नका. शिसं ओतणारीला बोलावण्याआधी प्लग काढा, हात मागे घ्या आणि दोन मिनिटं थांबा. ठक लोक मंत्र विकत नाहीत; ज्या दोन मिनिटांपुरते तुम्ही थांबू शकत नाही, तीच दोन मिनिटं विकतात. आणि ज्याला यंत्र कळतं, औषध कळतं, चार अक्षरं कळतात, त्याने पहिल्या खट्-लाच बोलावं. नंतर बोललं तरी झाकण उघडतं. पण तोवर कुणाच्यातरी किल्ल्या गेलेल्या असतात.